चढ कुठल्या बाजूने?

मुलांनो, पिट्सबर्ग ते कंबरलंड हा दीडशे मैलांचा सायकलमार्ग बराचसा जुन्या रेल्वेमार्गांवरून, नद्यांच्या काठाकाठाने जातो. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून चढ हलका ठेवलेला; त्याचा फायदा आता आपल्या पायांना!

मार्गाचा माथा २,३९२ फुटांवर. पिट्सबर्गहून तो सुमारे १२६ मैल, कंबरलंडहून जेमतेम २४. चढायची उंची मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणून लहान मुले बरोबर असली की आम्ही माथ्याअलीकडच्या मायर्सडेलहून निघून कंबरलंडला उतरतो.

माथ्याच्या पूर्वेचा पाऊस अटलांटिकला मिळतो, पश्चिमेचा मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. महाबळेश्वरची सावित्री पश्चिमेला आणि कृष्णा पूर्वेला जाते, तसेच हे.

वाट बारीक खडीची आहे, तेव्हा उतारावर ब्रेक करकचून दाबू नका. बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर हवाच.