रात्री तीनला वीज जाते तेव्हा

"तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तुम्हाला कसली काळजी?" असं शेजारणी म्हणायच्या आणि मीही खुशीत मान डोलवायची. 2019 च्या जूनमध्ये मृगाचा पाऊस वादळवारा घेऊनच आला आणि मध्यरात्रीनंतर आमच्या भागातली वीज गेली. आम्हाला पत्ताही नाही, कारण डोक्यावरचा पंखा फिरत होता. तीनच्या सुमाराला सासूबाई उठल्या. बोळातल्या दिव्याचं बटण दाबलं, तो लागेना. सुनेची झोप कशाला मोडा, म्हणून भिंत चाचपत निघाल्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि पुढं चार महिने वॉकर.

इन्व्हर्टर बसवताना वायरमननं विचारलं होतं, "कुठले पॉइंट घ्यायचे?" मी आत पुऱ्या तळत होते. ह्यांनी बाहेरच्या बाहेर सांगून टाकलं : हॉल, टीव्ही, दोन खोल्यांचे पंखे. बोळ आणि न्हाणीघर कुणाच्या मनातच आलं नाही. खरं सांगू? मला विचारलं असतं तर मीही आधी मिक्सरचंच नाव घेतलं असतं!

म्हणून मैत्रिणींनो, आज जेवणं आटोपली की एक करून बघा. घरातल्यांना सांगून मेन स्विच बंद करा. घरातलं सगळ्यात वयस्क माणूस जिथं झोपतं त्या पलंगावर बसा, आणि तिथून संडासापर्यंत चालत जा. वाटेत चपला आहेत, दप्तर आहे, ओलं पायपुसणं आहे. जिथं जिथं तुमचा हात आपोआप भिंतीकडं गेला, तिथं दिवा हवा. मला आमच्या घरात अशा चार जागा सापडल्या.

या जागांचे पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायला फार खर्च येत नाही. मात्र काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि गीझर त्या लाइनवर येणार नाही एवढं बघा. "बॅटरी पुरणार नाही" असं घरात कुणी म्हणालंच, तर हा हिशेब सांगा. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट घेतो. रात्री लावायचा एलईडीचा बारीक दिवा अर्धा वॅट. म्हणजे एका पंख्याच्या विजेत असे दीडशे दिवे जळतील. आपल्याला हवेत तीन-चार!

आपला तो जुना झीरोचा बल्ब मात्र काढून टाका. नाव झीरो, पण खातो 12 ते 15 वॅट.

आता दिवा लावायचा कुठं? आपण सगळे दिवे उंच लावतो. पण रात्री बघायची असते ती फरशी. म्हणून हा दिवा गुडघ्याच्या खाली असावा, उजेड जमिनीवर पडावा आणि डोळ्यांत जाऊ नये. झोपेतून उठून एकदम ट्यूब लावली की डोळे दिपतात, आणि ती घालवून परत येताना काहीच दिसत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यातून वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली बारीक होते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोचतो, त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा साठीत पोचतो. आपल्याला "दिसतंय की सगळं" वाटतं तिथं सासूबाईंना दिसत नसतं. उंबऱ्यावर आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढा. हे काम मुलं हौसेनं करतात.

इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीचा एलईडी बल्ब मिळतो. वीज गेली की तो आपोआप जळत राहतो. फक्त त्याचं बटण चालूच असलं पाहिजे. काटकसरी हातानं कुणी बंद केलं की संपलं! शिवाय उशाशी खिळ्याला दोरीनं टांगलेली टॉर्च हवीच. मोबाइलचा उजेड आहे हे खरं, पण तो त्या वेळी नेमका हॉलमध्ये चार्जिंगला असतो, आणि म्हाताऱ्या बोटांना तो उघडत नाही. टॉर्च दर महिन्याच्या एक तारखेला लावून बघा, सेल पाझरले असतील तर तेव्हाच कळतं.

मेणबत्ती लावायचीच तर थोडं पाणी घातलेल्या पातेल्यात उभी करा, मच्छरदाणी-पडद्यांपासून लांब. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आमच्या एका नातेवाइकांनी ती देवघराखाली ठेवली होती आणि वर समई! त्यांना सांगून ती हलवायला लावली.

सासूबाई आता काठी घेऊन का होईना, एकट्या जाऊन येतात. बोळातल्या दिव्यावर त्यांचा आक्षेप एकच : "रात्रभर वीज फुकट जाते गं." मी त्यांना सांगितलं, रोज दहा तास जळला तरी एक युनिट व्हायला साडेसहा महिने लागतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं. तरी पहाटे उठल्या की आधी तो दिवा घालवतात, मग चूळ भरतात.