मान-पाठदुखी : गुण कशाने आला?

दुखण्याचा स्वाभाविक क्रम
मान आणि कंबर यांच्या बहुतेक दुखण्यांत अस्थिभंग, जंतुसंसर्ग किंवा गाठ असे ठोस कारण सापडत नाही. अशी नवी कंबरदुखी बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरीच कमी होते. शिवाय रुग्ण दवाखाना गाठतो तो सहसा वेदना टिपेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर उतार पडण्याचीच शक्यता अधिक असते. त्या सुमारास शेक, मालीश, मानेचा पट्टा किंवा ट्रॅक्शन यांपैकी जे चालू असेल, त्याला श्रेय मिळते. रुग्णाला आलेला गुण खरा असतो. तो कशामुळे आला, हे मात्र एकट्याच्या अनुभवावरून ठरत नाही.

तुलनागट
यासाठी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी करतात. स्वाभाविक उतार सर्व गटांत सारखाच पडत असल्याने गटांमध्ये उरलेला फरक उपचाराचा मानता येतो. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत नव्या कंबरदुखीचे सुमारे १,६५० रुग्ण होते. पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना बरे होण्यास मध्यकानुसार १७ दिवस लागले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांना १६. तुलनागट नसता तर सतरा दिवसांत गुण देणारे औषध म्हणून याच गोळीची नोंद झाली असती.

आभासी उपचार
गोळीची नक्कल सोपी आहे. हातांनी किंवा सुयांनी केलेल्या उपचाराची अवघड. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालीन कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले गेले. ॲक्युपंक्चरच्या शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच ठिकाणी उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि औषधे, व्यायाम आदी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना सहा महिन्यांनी लक्षणीय गुण होता. म्हणजे बिंदूंच्या निवडीने फारसे काही साधले नाही. पण टोचून घेण्याचा अनुभव, उपचारकाचा सहवास आणि अपेक्षा यांचा एकत्रित परिणाम मोठा होता. पुराव्यांवर आधारलेल्या शिफारशी कधीकधी परस्परविरोधी का असतात, याचे उत्तर येथेच आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली आभासी उपचाराशी तुलनेला महत्त्व देऊन कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर नाकारले; अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ साली दीर्घकालीन कंबरदुखीत ते स्वीकारले. ‘उपयोगी’ या शब्दाला ‘कशाच्या तुलनेत’ हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही, हे वैद्यकीय बातम्यांतही पाळले जायला हवे.

परिणामाचे मोजमाप
वेदना बहुधा शून्य ते शंभर गुणांत मोजतात. रुग्णसंख्या मोठी असली की दोन-तीन गुणांचा फरकही सांख्यिकीय कसोटीला उतरतो, पण रुग्णाला तो जाणवतोच असे नाही. दीर्घकालीन कंबरदुखीत व्यायामाविषयीच्या २४९ चाचण्यांच्या ‘कोक्रेन’ संस्थेच्या २०२१ मधील आढाव्यात, उपचार न घेणाऱ्या किंवा नेहमीचाच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी १५ गुणांचा फायदा आढळला. तो जाणवण्याजोगा आहे. मात्र आपण व्यायाम करत आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही. त्यामुळे या आकड्यात अपेक्षेचाही वाटा असणार.

एमआरआयचा पुरावा
‘मणक्यात गॅप आहे’ हे निदान चित्रावर दिसते म्हणून निर्णायक वाटते. प्रत्यक्षात, अजिबात दुखणे नसलेल्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत झीज आढळल्याचे २०१५ च्या एका आढाव्यात नोंदले आहे. म्हणून चित्रातील झीज हेच वेदनेचे कारण, असे केवळ चित्रावरून म्हणता येत नाही.

मर्यादा
वरील निष्कर्ष विशिष्ट कारण नसलेल्या दुखण्यापुरते आहेत. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, हातापायांतील बळ वेगाने कमी होणे किंवा पाठदुखीसोबत ताप असणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडून तपासणी आवश्यक असते.