पहिल्या टाहोआधी

बाळंतिणीच्या खोलीबाहेर सगळ्यांचे कान ज्या आवाजाकडे लागलेले असतात, तो टाहो म्हणजे बाळाच्या छातीत चाललेल्या प्रचंड उलथापालथीची वर्दी असते.

पोटात असताना फुफ्फुसांत हवा नसते, द्रव असतो. आणि तो फुफ्फुसंच तयार करतात. प्राणवायू येतो वारेतून, नाळेवाटे. मग फुफ्फुसांकडे सगळं रक्त पाठवायचं कशाला? म्हणून रक्ताला दोन आडवाटा असतात. एक, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं झडपेचं छिद्र. दुसरी, फुफ्फुसाकडे जाणारी धमनी महाधमनीला जोडणारी आखूड नळी.

पहिला श्वास आत जातो. द्रव शोषला जाऊ लागतो, फुफ्फुसांतल्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त तिकडे धावतं. तिथून ते डाव्या कप्प्यात परततं, तिथला दाब वाढतो आणि झडप छिद्रावर टेकते. (साधारण चौघांतल्या एकात ती पुढे पक्की चिकटत नाही, बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो.)

नळीची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. तिला उघडी ठेवतं प्रोस्टाग्लँडिन, जे मुख्यतः वारेतून येतं. वारेशी नातं तुटलं की ते घटतं, रक्तातला प्राणवायू वाढतो आणि नळीचे स्नायू आवळतात. पुऱ्या दिवसांच्या बाळात दोन-तीन दिवसांत ती मिटते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, नळी पोटातच आवळू शकते. म्हणून गरोदर बाईनं, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, त्या आपल्या मनानं घेऊ नयेत. उलट काही बाळांचं हृदय जन्मतःच असं घडलेलं असतं, की त्या नळीवरच जीव तगतो. त्यांना प्रोस्टाग्लँडिन शिरेतून देत शस्त्रक्रियेपर्यंत ती उघडी राखतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची अडचण त्याही आधीची, श्वासाचीच. फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारा स्निग्ध थर, सर्फॅक्टंट, त्याच्याकडे पुरेसा नसतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 साली हे दाखवलं. पण कारण कळलं तरी औषध नव्हतं. ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा पॅट्रिक याच आजारानं दोन दिवसांत गेला. 1980 साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसापासून केलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं. निळसर पडलेल्या बाळांच्या रक्तात प्राणवायू वाढू लागला.