खवट वासाच्या आधी

दिवाळीचा फराळ झाला की शेंगदाणा तेलाची अर्धी बाटली ओट्यावर, खिडकीपाशी उभी राहते. ऊन आरपार जातं, तेल सोन्यासारखं चमकतं. कित्येक दिवस वास ताजा. मग एका सकाळी फोडणीसाठी झाकण उघडावं, तर खवट भपकारा! रात्रीत असं काय झालं?

रात्रीत काहीच झालं नाही. बाटली उघडली त्या दिवसापासून आत एक झुंज चालली होती.

तेल म्हणजे मेदाम्लांच्या लांब साखळ्या. साखळीत दुहेरी बंध असतो, त्याच्या शेजारी ऑक्सिजनला वाट सापडते. एक रेणू बिघडला की तो शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, तो शेजारी पुढच्याचा. या मालिकेला अडवतं तेलातलंच ई जीवनसत्त्व. ते आपला हायड्रोजन देऊन मालिका तोडतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. ते शिल्लक असेतो आपल्या नाकाला पत्ताही लागत नाही. ते संपलं की बिघाड धावत सुटतो आणि हेक्सानलसारखे हलके रेणू हवेत उडू लागतात. खवट वास तो हाच.

प्रत्येक तेलाची तग वेगळी. खोबरेलात सुमारे 90 टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली; ते दीर्घकाळ टिकतं. नेहमीच्या करडई तेलात दोन-दोन दुहेरी बंधांचं लिनोलेइक आम्ल भरपूर, म्हणून त्याला जपावं लागतं.

सगळ्यांत थक्क करतो तो प्रकाश. हवेतला साधा ऑक्सिजन तेलाशी थेट भिडत नाही. दोघांच्या इलेक्ट्रॉनांची मांडणीच जुळत नाही. पण तेलात हरितद्रव्याचा अंश राहिला असेल तर तो ऊन टिपतो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो. हा चेतलेला ऑक्सिजन लिनोलेइक आम्लावर हजारपटीहून अधिक वेगानं तुटून पडतो. बाटलीला सोनेरी करणारं ऊनच तिचं आयुष्य खातं!

म्हणून वेष्टनाला एवढं महत्त्व. पत्र्याचा डबा उजेड आणि हवा दोन्ही रोखतो. पारदर्शक प्लॅस्टिकमधून उजेड सरळ आत येतो, आणि थोडा ऑक्सिजनही झिरपतो. तांब्याचा तर सूक्ष्म अंशही बिघाडाला वेग देतो, म्हणून बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत तेल ठेवू नये. आजीच्या फडताळातली चिनी मातीची बरणी आठवा: उजेड नाही, धातूचा स्पर्श नाही, शेगडीची धग नाही.

बाटली रिकामी होत जाते तशी तिच्यात हवा वाढते; मोठ्या डब्यातलं तेल लहान, काठोकाठ भरलेल्या बाटल्यांत काढावं ते यासाठीच. आणि जुन्या तेलावर नवं कधी ओतू नये. तळाशी उरलेल्या पळीभर तेलात बिघाडाचं विरजण तयार असतं. ताज्या तेलाची झुंज निम्मी हरूनच सुरू होते.

आज खिडकीतली बाटली उचलून फडताळात ठेवा. आतल्या ई जीवनसत्त्वाला तेवढीच उसंत.