‘साध्य’ रोग म्हणजे ‘साधा’ रोग नव्हे

आमच्या घणसोली गांवांत पावसाळ्यांत कोणास ताप आला म्हणजे ‘साधा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल’, असें सहज म्हटलें जातें. तो न उतरल्यास हाच रोग ‘असाध्य’ ठरवून मंडळी हताश होतात. या दोन टोकांच्या मध्यें ‘साध्य’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ शेतकरी बंधूंनीं नीट ध्यानीं घ्यावा, एवढ्यासाठींच हा लेख.

‘साध्’ या संस्कृत धातूपासून हा शब्द झाला. जें प्रयत्नानें सिद्धीस नेतां येतें तें साध्य. प्रयत्न हा या शब्दाच्या पोटांतच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत रोगांचे चार भेद आहेत: सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टानें बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, औषध व पथ्य चालू असेपर्यंत आटोक्यांत राहणारा तो याप्य, आणि उपचारास न जुमानणारा तो असाध्य. उपेक्षेनें साध्य रोगही असाध्य होतो, असा इशाराही त्याच ग्रंथांत आहे.

लेप्टोस्पायरोसिसचेंच उदाहरण घ्या. उंदीर, गुरें, कुत्रीं यांच्या मूत्रांतून याचे जंतू पाण्यांत व चिखलांत उतरतात आणि हातापायांच्या जखमांवाटे शरीरांत शिरतात. भातखाचरांत अनवाणी लावणी करणारास हा धोका विशेष. घणसोलीच्या जमिनी १९७० नंतर नवी मुंबईसाठीं संपादन झाल्या. तरी तुंबलेल्या पाण्यांतून चालणारासही तो आहेच. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे हीं याचीं लक्षणें. आरंभींच डॉक्टरांनीं डॉक्सिसायक्लीन किंवा पेनिसिलीन दिल्यास रोग बहुधा बरा होतो. विलंब झाल्यास कावीळ होऊन मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. रोग साध्य खरा, पण साधा मुळींच नव्हे.

उलट, ज्यास लोक असाध्य म्हणत आले, त्या कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत तो बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत हें औषध मोफत मिळतें. तेव्हां ‘असाध्य’ हा शब्दही उगाच उच्चारूं नये.

आम्हीं महसुली दप्तरांत उभें आयुष्य घालविलें. तेथें हक्क कितीही खरा असो, मुदतींत अर्ज न केल्यास तो पदरीं पडणें कठीण. रोगाचेंही तसेंच आहे. चिखलांत काम केल्यावर ताप आला, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा आणि आपण पाण्यांत उतरलों होतों, हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.