दाबल्याने उष्णता वाढत नाही

चंद्रपूर-गडचिरोलीत सरपणासाठी जंगलात जाणं वाघामुळे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे हिवाळ्यातल्या शेकोटीसाठी धानाचा कोंडा, पालापाचोळा, भिजवलेली रद्दी साच्यात दाबून घरीच ब्रिकेट (इंधनाची दाबीव वडी) करावी, ही कल्पना सहज पटते. ती चांगलीच आहे. फक्त दाबल्याने उष्णता वाढते, हा समज चुकीचा.

परातभर मुरमुऱ्यांचे लाडू वळले तर ते छोट्या डब्यात मावतात. पण गूळ सोडला तर पोट तेवढंच भरतं. वडीचंही तसंच. ती जागा कमी घेते आणि भुरूभुरू न जळता सावकाश जळते, एवढंच. उष्मांक मूल्य (एक किलो इंधन जळून मिळणारी उष्णता) ठरतं कच्च्या मालावर आणि ओलाव्यावर. कोंड्यात राख मुळातच जास्त. त्यात वडी अर्धवट वाळलेली असेल तर बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धूर डोळ्यांत येतो. एखादी मोडून पाहावी: आत गडद आणि गार लागली, तर आणखी ऊन हवं.

किलोमागे उष्णता खरोखर वाढते ती आधी कोळसा केल्यावर, म्हणजे कमी हवेत भाजून. वजन मात्र बरंच घटतं. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून अशा कोळशाच्या कांड्या केल्या. २००२ साली त्यासाठी तिला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

या कोळशाला धूर कमी, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला (विषारी वायू) वासही नसतो. म्हणून शेगडी बंद खोलीत ठेवू नका, आणि वडीत प्लास्टिक कधीच घालू नका.