‘स्लाइड’ : घसरगुंडीपासून दरडीपर्यंत

‘स्लाइड’ म्हणजे अलगद सरकणे वा घसरणे. बागेतील घसरगुंडी, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली सरकवायची काचपट्टी, केसांचा चाप, शेअर बाजारातील घसरण, या साऱ्यांना इंग्रजीत हा एकच शब्द पुरतो. ‘स्लाइडिंग’ची खिडकी मराठीतही रुळली. ‘लँडस्लाइड’ विजय म्हणजे प्रचंड बहुमत. मूळ अर्थ मात्र भूस्खलन. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात टेकडीचा भाग झोपड्यांवर येऊन ६०हून अधिक रहिवासी मृत्युमुखी पडले. मराठीत अशा वेळी दरड ‘कोसळते’. त्या क्रियापदातच आघात आहे. ‘लेट इट स्लाइड’ म्हणजे ‘चालू द्या, दुर्लक्ष करा’. डोंगरउतारावरील वस्त्यांबाबत ‘स्लाइड’चा हाच अर्थ सर्वाधिक घातक ठरतो.